गोराईची टेकडी आणि जमिनीलगतचा वारा : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

१४ जानेवारी २०२५

मोजणीसाठी टेकडी निवडण्याचे काम आज संपले. मुंबईत टेकड्यांना तोटा नाही, परंतु बहुतेकींच्या भोवती आणि अंगावरही इमारती चढलेल्या असल्यामुळे वाऱ्यात दिसणारा बदल टेकडीमुळे किती आणि बांधकामांमुळे किती, हे वेगळे काढता येत नाही. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा बेसाल्टच्या उभ्या स्तंभांचा सुमारे ६० मीटर उंचीचा खडक पाहताक्षणी मोह घालतो, पण त्याच्या चहूबाजूंना वस्ती आहे आणि वाऱ्याच्या दृष्टीने तो टेकडीपेक्षा एखाद्या इमारतीसारखाच वागेल. राष्ट्रीय उद्यानातील डोंगरांवर झाडीच आमच्या मास्टहून, म्हणजे यंत्रे बसवण्याच्या खांबाहून, उंच आहे. अखेर गोराईच्या उत्तरेला एका खासगी वाडीत असलेली, पायथ्यापासून सुमारे ४० मीटर उंच आणि उत्तर-दक्षिण पसरलेली टेकडी ठरली. तिच्या पश्चिमेला पडीक भातखाचरे, त्यापलीकडे ताडा-माडांची विरळ रांग आणि मग समुद्र आहे. पूर्वेची बाजू मात्र जुन्या दगडखाणीने तोडलेली असून बरीच उभी आहे. वाडीचे मालक ईस्ट इंडियन समाजातील वयस्क गृहस्थ आहेत आणि गावाप्रमाणे आम्हीही त्यांना अंकलच म्हणतो.

संक्रांत असल्यामुळे माथ्यावर मुले पतंग उडवत होती. प्रकल्पातील विद्यार्थिनीने त्यांच्यापैकी एकाला वारा कुठे जोरात असतो, असे सहज विचारले. त्याचे उत्तर मी जसेच्या तसे उतरवून ठेवतो: "ताई, इथे वरती पतंग ओढतो भरपूर, पण गप उभा राहतो. खाणीकडे गेला की गोतेच खातो, ढील द्या नाहीतर खेचा." वाऱ्याचा जोर एका जागी आणि त्याची अस्थिरता दुसऱ्या जागी, हाच आमच्या प्रकल्पाचा प्रश्न आहे. टेकडीवर वारा जास्त असतो म्हणून संक्षोभही, म्हणजे रोजच्या भाषेतला टर्ब्युलन्सही, तेथेच जास्त असणार, असे गृहीत धरण्याची सवय अभियंत्यांना आहे आणि ते गृहीतक तपासायचे आहे.

२२ जानेवारी २०२५

यंत्रे कोणत्या उंचीवर बसवावीत हे ठरवण्यासाठी आधी कागदावर हिशेब केला. टेकडीवरील वाऱ्याचा आजही वापरात असलेला सिद्धांत जॅक्सन आणि हंट यांनी १९७५ मध्ये मांडला. त्यानुसार टेकडीवरील हवेचे दोन थर कल्पिले जातात. जमिनीला चिकटून असलेल्या आतील थरात भोवरे इतके लहान आणि अल्पायुषी असतात की टेकडी चढता चढता ते बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेतात. त्याच्या वरच्या बाहेरील थरात भोवरे मोठे असतात आणि त्यांना तेवढी उसंतच मिळत नाही, त्यामुळे ते केवळ ताणले आणि पिळले जातात. आतील थराची जाडी एका समीकरणातून मिळते: ती जाडी आणि तिला पृष्ठभागाच्या खरबरीतपणाच्या लांबीने (जमीन वाऱ्याला किती अडवते याचे माप) भागून येणाऱ्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम यांचा गुणाकार हा कार्मन स्थिरांकाच्या (जमिनीलगत वेग उंचीबरोबर कसा वाढतो ते सांगणाऱ्या ठरावीक संख्येच्या) वर्गाची दुप्पट गुणिले टेकडीची अर्धलांबी, एवढा असतो. अर्धलांबी म्हणजे माथ्यापासून टेकडी निम्म्या उंचीवर येईपर्यंतचे आडवे अंतर, आणि ते आमच्या टेकडीच्या पश्चिम अंगाला सुमारे १२० मीटर भरते.

कार्मन स्थिरांक ०.४ घेतला, तर समीकरणाची उजवी बाजू ३८.४ मीटर येते. आखूड गवतासाठी खरबरीतपणाची लांबी ०.०३ मीटर धरल्यास आतील थर सुमारे ७ मीटर जाडीचा होतो, आणि झुडपांसाठी ०.३ मीटर धरल्यास तो १० मीटरच्या थोडा वर जातो. जगभरच्या वेधशाळा वारा १० मीटर उंचीवर मोजतात, म्हणून आपणही १० मीटरवर मोजावा, एवढाच विचार आम्ही तोवर केला होता. प्रत्यक्षात आमच्या टेकडीवर १० मीटर ही उंची नेमकी दोन थरांच्या वेशीवर येते. म्हणून २, ५ आणि १० मीटर अशा तीन उंचींवर कप वायुवेगमापक, म्हणजे वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांची यंत्रे, बसवायचे ठरले. सिद्धांतानुसार वेगातील सर्वाधिक सापेक्ष वाढ आतील थराच्या साधारण एक-तृतीयांश उंचीवर, म्हणजे येथे माणसाच्या डोक्याच्या आसपास, अपेक्षित आहे.

वेग किती वाढावा, यासाठी टेलर आणि ली यांचा १९८४ चा ढोबळ नियम पुरेसा आहे. लांबट कण्यासारख्या टेकडीसाठी वाढीचे प्रमाण (उंची भागिले अर्धलांबी) या संख्येच्या दुप्पट, घुमटासारख्या टेकडीसाठी १.६ पट आणि एका बाजूने सपाट असलेल्या कड्यासाठी ०.८ पट. आमच्या टेकडीसाठी पहिला आकडा ०.६७ आणि दुसरा ०.५३ येतो, म्हणजे खाचरात ६ मीटर प्रतिसेकंद वाहणारा वारा माथ्यावर ९ ते १० मीटर प्रतिसेकंद व्हावा.

या सर्व मोजणीचा मापदंड अजूनही स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावरील ॲस्कर्वेन टेकडी हाच आहे. तेथे १९८२ आणि १९८३ मध्ये, ११६ मीटर उंचीच्या एकाच टेकडीवर सुमारे पन्नास मास्ट उभे केले गेले होते. आमच्याकडे दोन मास्ट आणि उसना आणलेला एक अल्ट्रासॉनिक वायुवेगमापक आहे, तेव्हा प्रश्नही त्याच बेताने छोटा ठेवला पाहिजे.

३ फेब्रुवारी २०२५

बोरिवलीच्या जेट्टीवरून मास्टचे नळ, तणावे आणि खुंट्या फेरीबोटीने पलीकडे नेल्या. दुचाक्यांच्या रांगेत तीन-तीन मीटरचे नळ आडवे ठेवल्यामुळे दोन प्रवासी उघडपणे चिडले आणि त्यांचे चुकीचे नव्हते. प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही सर्वजण काका म्हणतो, त्यांनी माथ्यावरील खडकात पहारीने भोके पाडून खुंट्या ठोकल्या. खाचरातल्या मऊ मातीत मात्र तीच खुंटी हाताने उपटून येत होती, म्हणून तेथे दगडांच्या गोण्या बांधल्या. खाचरातील मास्ट हा संदर्भाचा मास्ट. तो समुद्रकाठी उभारावा, अशी एक सूचना होती, पण वाळूवरून येणाऱ्या वाऱ्याला झाडी आणि गवताचा खरबरीतपणा अजून भेटलेला नसतो, आणि त्याच्याशी तुलना केली असती तर जमिनीचा परिणाम टेकडीच्या खात्यावर जमा झाला असता.

९ फेब्रुवारी २०२५

पहाटे साडेपाचला पोहोचलो. वारा जवळजवळ पडलेला होता आणि माथ्यावरचे तिन्ही कप स्तब्ध होते. अंकलनी उतारावर पालापाचोळा पेटवला होता. त्याचा धूर वर न जाता गुडघ्याएवढ्या जाडीचा थर करून, पाण्यासारखा उतारावरून घरंगळत खाचराच्या कोपऱ्यात साचत होता. रात्री उतारावरची हवा जमिनीमुळे थंड आणि जड होते आणि खाली सरकते, हे पुस्तकात अनेकदा वाचलेले असले तरी तिची जाडी इतकी कमी असेल, असे वाटले नव्हते. आमचा सर्वांत खालचा कप २ मीटरवर असल्यामुळे या वाऱ्याची नोंद एकाही यंत्रात नाही. अशा स्थिर हवेत आजूबाजूचा मंद वाराही टेकडीवर चढण्याऐवजी तिला वळसा घालून जातो, त्यामुळे जॅक्सन-हंटचा हिशेब येथे लावायचा नाही. पृथक्करणासाठी दुपारी १ ते सायंकाळी ६ या वेळेतील समुद्रावरून येणारा वाराच घ्यायचा, हे आज ठरवले.

१८ फेब्रुवारी २०२५

आजचा दिवस एका चुकीने खाल्ला, पण ती लिहून ठेवणे भाग आहे.

अल्ट्रासॉनिक वायुवेगमापक गेले आठ दिवस पश्चिम उतारावर होता. या यंत्रात फिरणारा कोणताही भाग नसतो. समोरासमोर बसवलेल्या ध्वनिस्पंदकांच्या तीन जोड्यांमधून ध्वनी जाण्यास आणि येण्यास लागणाऱ्या वेळेतील फरकावरून वाऱ्याचे तिन्ही दिशांचे घटक, आणि सोबत हवेचे तापमान, सेकंदाला २० वेळा मिळते. विद्यार्थिनीने काढलेल्या पहिल्याच आलेखात ऊर्ध्व दिशेचा सरासरी वारा दुपारभर दीड मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास दिसत होता, आणि कर्तन प्रतिबल, म्हणजे हवेचे वरखालचे थर एकमेकांना ओढतात तो जोर, खाचरातील अंदाजाशी कुठेच जुळत नव्हते. "सर, टेकडी हवा वर फेकते आहे," असे ती म्हणाली, आणि तसे पाहिले तर ते खरेच होते. काकांनी यंत्र पाणसळ लावून अगदी ओळंब्यात बसवले होते. चूक त्यातच होती, किंवा ती चूक नव्हतीच. उतार सुमारे साडेनऊ अंशांचा आहे. वारा उताराला समांतर वाहतो. यंत्र मात्र गुरुत्वाकर्षणाशी प्रामाणिक राहून दर १० मीटर प्रतिसेकंदामागे १.६५ मीटर प्रतिसेकंद ऊर्ध्व वारा दाखवते.

सरासरीपेक्षा प्रतिबलाचे नुकसान मोठे आहे. सपाट जमिनीवर वाऱ्याच्या दिशेतील चढउतारांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) घर्षणवेगाच्या (याच प्रतिबलावरून काढलेल्या वेगाच्या) सुमारे २.४ पट आणि ऊर्ध्व चढउतारांचे १.२५ पट असते. या दोहोंच्या वर्गांतील फरक सुमारे ४.२ येतो, त्याला एका अंशाच्या कलाने गुणले की प्रतिबलात सुमारे ७ टक्के चूक शिरते. साडेनऊ अंशांना ती सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. अशा आकड्यावरून "टेकडीमुळे संक्षोभ बदलला" असा निष्कर्ष काढणे म्हणजे तिरक्या आरशात पाहून भिंत कलली म्हणण्यासारखे आहे.

उपाय म्हणजे अक्ष फिरवणे. दर अर्ध्या तासाच्या सरासरीला ऊर्ध्व वारा शून्य होईल इतके अक्ष फिरवण्याची पद्धत सोपी आहे, पण मंद वाऱ्यात ती हवेचे खरे उचलणेही पुसून टाकते. म्हणून अनेक दिवसांच्या सर्व सरासरी वाऱ्यांना एकच प्रतल बसवण्याची पद्धत घेतली, आणि टेकडीचा उतार दिशेगणिक बदलत असल्यामुळे ते प्रतल ३० अंशांच्या प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळे काढले. चार तासांचे काम होते. त्यानंतर प्रतिबलाची चिन्हे आणि आकार दोन्ही ताळ्यावर आले.

पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात येणाऱ्या वाऱ्याचा कल ८ अंशांपर्यंत गृहीत धरलेला असतो, आणि आमच्या उतारावर तो त्याहून जास्त निघाला. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या कड्यापासून किती आत उभ्या आहेत, हे आता वेगळ्या नजरेने पाहावे लागेल.

२५ फेब्रुवारी २०२५

अल्ट्रासॉनिक यंत्र माथ्यावर १० मीटरवर हलवले. कप आधीपासूनच होते. आजवरच्या दुपारच्या नोंदींत १० मीटर उंचीवर माथ्यावरील सरासरी वेग खाचराच्या दीडपटीच्या आसपास आहे आणि २ मीटरवर वाढ त्याहून ठळक आहे, म्हणजे सिद्धांताने सांगितलेला क्रम दिसतो. वाऱ्याच्या दिशेतील चढउतारांचे प्रमाण विचलन मात्र खाचरात कपांनी दाखवलेल्या आकड्याच्या जवळपासच राहिले आहे. संक्षोभाची तीव्रता म्हणजे हे विचलन भागिले सरासरी वेग. अंश तेवढाच आणि छेद वाढलेला, त्यामुळे माथ्यावर ती घटते. पतंग गप उभा राहतो, तो यामुळे.

कारण पुन्हा दोन थरांपाशी जाते. १० मीटरवरील भोवरे माथ्यावर येताना वाऱ्याच्या दिशेत ताणले जातात. ताणल्याने त्या दिशेतील चढउतार थोडे दबतात आणि ऊर्ध्व दिशेतील थोडे वाढतात. शिवाय माथ्यावर प्रवाहाची वाट बहिर्वक्र असते आणि अशा वळणावर संक्षोभ दाबला जातो. पायथ्याशी, जेथे वाट अंतर्वक्र असते, तेथे तो वाढतो. २ मीटरवर, आतील थरात, कथा वेगळी असली पाहिजे, कारण तेथे वाढलेल्या वेगाबरोबर जमिनीशी घर्षणही वाढते आणि भोवरे ते लगेच मनावर घेतात. पण एकच अल्ट्रासॉनिक यंत्र दोन उंचींवर एकाच वेळी बसत नाही.

१२ मार्च २०२५

खाणीकडची बाजू. या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा आठवडा हाच ठरेल, असे मला वाटते.

खाणीच्या तळाशी, कड्यापासून सुमारे ३० मीटरवर, ३ मीटर उंचीच्या खांबावर अल्ट्रासॉनिक यंत्र आणि त्याच्या शेजारी एक कप बसवला. बांबूच्या काठ्यांना लाल रिबिनी बांधून त्या कड्यापासून तळापर्यंत एका रेषेत रोवल्या. दुपारी तीनच्या सुमारास माथ्यावरची रिबीन पूर्वेकडे ताठ होती. कड्याच्या ओठाशी असलेली थरथरत होती. आणि तळाची रिबीन सावकाश वळून पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या उलट, कड्याकडे तोंड करून पडली. मग एकदम उसळून तिने काठीला तीन वेढे घातले. अर्ध्या मिनिटाने पुन्हा कड्याकडे. अंकल खुर्ची टाकून बसले होते, ते म्हणाले, "पावसाळ्यात इथे खाली छत्री उलटते, आणि वर नाय उलटत. मला वाटायचं माझी छत्रीच खराब." काकांनी रिबिनींचे चित्रण केले.

उतार साधारण १६ ते १८ अंशांपलीकडे गेला की वारा जमिनीला धरून राहू शकत नाही आणि माथ्यावरून सुटतो. झाडीने झाकलेल्या टेकड्यांवर तो त्याहूनही सौम्य उतारावर सुटतो. सुटलेला वेगवान वारा आणि खालची रेंगाळणारी हवा यांच्या सीमेवर भोवरे तयार होतात आणि ते खाली आपटत राहतात. शाळेच्या भूगोलात आपण वातविन्मुख बाजूला पर्जन्यछाया शिकतो. वाऱ्याची छाया मात्र शांत नसते.

आता मुद्द्याची गोष्ट. कपाची अर्ध्या तासाची सरासरी २ मीटर प्रतिसेकंद होती. त्याच वेळी अल्ट्रासॉनिक यंत्राने दिलेला पूर्वेकडील सरासरी घटक शून्याच्या जवळ आणि किंचित उलट चिन्हाचा होता. दोन्ही यंत्रे बरोबर आहेत. कप हा वारा कोणत्याही बाजूने आला तरी एकाच दिशेने फिरतो; पुढे दोन पावले आणि मागे दोन पावले टाकणाऱ्या वाऱ्याला तो चार पावले चाललेला समजतो. त्यातच झोत आला की कप चटकन वेग घेतो आणि झोत गेल्यावर सावकाश मंदावतो, त्यामुळे खळबळत्या वाऱ्यात त्याचे वाचन मुळातच थोडे फुगलेले असते. केवळ कपावर विसंबलो असतो, तर खाणीत मंद पण सुरळीत वारा आहे, अशी नोंद करून आम्ही घरी गेलो असतो.

दुसरी अडचण व्याख्येची. सरासरी वेग शून्याकडे गेला की संक्षोभाची तीव्रता १०० टक्क्यांच्या वर जाते आणि तिला अर्थ उरत नाही. येथून पुढे खाणीच्या नोंदींसाठी तीव्रता द्यायची नाही. तिन्ही घटकांच्या विचलनांवरून काढलेली संक्षोभाची गतिज ऊर्जा द्यायची, आणि तिला खाचरातील वेगाच्या वर्गाने भागायचे. त्या मापाने खाण माथ्याच्या कितीतरी वर आहे.

ॲस्कर्वेनच्या टेकडीवर संगणकीय प्रारूपांना माथ्यावरचा वेग चांगला साधला, आणि आडोशाच्या बाजूला मात्र ती एकमेकांशीही जुळली नाहीत. पुढे डेन्मार्कच्या बोलुंड या अवघ्या १२ मीटर उंचीच्या टेकाडावर २००७-०८ मध्ये मोजण्या झाल्या आणि त्यांचे आकडे न दाखवता पन्नासहून अधिक गणिते मागवून तुलना केली गेली. टेकडी लहान म्हणून गणित सोपे, असे काही नसते.

१५ एप्रिल २०२५

एका संरचना अभियंता मित्राने विचारले की हे सर्व खरे असेल, तर इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानक ८७५ च्या भाग ३ मध्ये टेकडीचा गुणांक, म्हणजे टेकडीमुळे वाऱ्याचा वेग किती पट धरायचा तो आकडा, इतका कमी कसा. प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडला. मानकात वाऱ्याकडचा उतार ३ अंशांपेक्षा जास्त असेल तरच भूरूपाचा गुणांक लावतात आणि तो १ ते १.३६ यांच्या दरम्यान राहतो. आमच्या ४० मीटर उंचीला २४० मीटरच्या उताराच्या लांबीने भागून १.२ ने गुणले की ०.२ येते, म्हणजे माथ्यावर गुणांक जास्तीत जास्त १.२. टेलर-लीचा नियम मात्र १.६७ सांगतो.

दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. मानकातील मूळ वेग, जो मुंबईसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद आहे, तो सुमारे ३ सेकंदांच्या झोताचा आहे. टेलर-लीचा नियम सरासरी वाऱ्याचा आहे. समजा, खाचरात सरासरी ६ आणि विचलन ०.९ मीटर प्रतिसेकंद आहे. झोत म्हणजे सरासरी अधिक विचलनाची तिप्पट धरली तर ८.७ येतो. माथ्यावर सरासरी १० झाली आणि विचलन तेवढेच राहिले, तर झोत १२.७ होतो. गुणोत्तर १.४६, म्हणजे १.६७ पेक्षा बरेच खाली. उरलेला फरक यातून सुटत नाही. काही भाग नियमाचा आकडा कमाल वाढीच्या उंचीचा असल्यामुळे येत असावा. पण सरासरी आणि झोत यांना वेगवेगळे गुणांक लागतात, एवढे मित्राला पटले. खाणीच्या तळाशी एखादी पत्र्याची शेड बांधली तर तिच्यासाठी कोणता गुणांक घ्यावा, यावर आम्ही दोघेही अडलो, कारण तेथे वारा पत्रा वर उचलणार की खाली दाबणार हेच दर अर्ध्या मिनिटाला बदलते.

८ मे २०२५

माथ्यावरील ५ आणि १० मीटरचे कप एकमेकांशी पूर्वीसारखे बोलत नाहीत. खारा वारा. बेअरिंग पाहणे.

२६ मे २०२५

मुंबईत मोसमी पाऊस येण्याची नेहमीची तारीख ११ जून आहे, म्हणून आम्ही मास्ट उतरवण्यासाठी ५ जून हा दिवस धरला होता. पाऊस आजच दाखल झाला. हवामान खात्याच्या म्हणण्यानुसार गेल्या ७५ वर्षांतील हे सर्वांत लवकरचे आगमन आहे. माथ्यावरच्या डेटा लॉगरच्या पेटीत पाणी शिरले होते, पण मेमरी कार्ड वाचले. अल्ट्रासॉनिक यंत्राच्या नोंदींत ध्वनिस्पंदकांवर थेंब बसल्यामुळे सुयांसारखे उंच काटे आहेत. काटे गाळण्याची आमची चाळणी मध्यवर्ती मूल्यापासून किती दूर यावर चालते, आणि खाणीसारख्या जागी खरा झोतही तितकाच दूर जातो; तेव्हा पावसातील नोंदी हाताने तपासल्याखेरीज वापरायच्या नाहीत.

माथ्याच्या तणाव्यांपैकी पूर्वेकडचा एक सैल पडला होता. पश्चिमेकडचे दोन्ही तंबोऱ्याच्या तारेसारखे ताठ होते.

१० जून २०२५

दोन्ही मास्ट काल उतरवले. खडकातील भोके काकांनी सिमेंटने बुजवली. खाणीतली एक लाल रिबीन अंकलनी ठेवून घेतली.

माथ्यावरचा ५ मीटरचा कप हातात घेऊन फिरवला, तर तो पाव फेरीत थांबतो. नवा कप कितीतरी वेळ फिरत राहतो. बेअरिंगवर मिठाचा पांढरा थर आहे. त्याच्या वाचनाची १० मीटरच्या कपाशी दिवसागणिक तुलना केली असता दोहोंचे गुणोत्तर २० एप्रिलपर्यंत स्थिर आणि त्यानंतर सातत्याने घसरणारे दिसते. खाचरातील मास्टचे कप झाडीच्या आडोशाला असल्यामुळे कमी गंजले आहेत, म्हणजे ही घसरण वेगवाढीच्या गुणोत्तरात सरळ उतरते आणि टेकडीचा परिणाम आहे त्याहून कमी दाखवते. त्यामुळे माथ्याच्या वेगवाढीसाठी २० एप्रिलनंतरचे सर्व दिवस बाद करत आहे. खाणीच्या निष्कर्षांना धक्का लागत नाही, कारण ते अल्ट्रासॉनिक यंत्रावर उभे आहेत. सहाही कप पवनबोगद्यात पुन्हा प्रमाणित करण्यासाठी अर्ज आज दिला.